इजो पाणी प्यायली तेव्हा

मित्रांनो, माझा रंग हिरवा आहे, हे हल्ली मला सांगावे लागते. टपावरचा रंग उन्हाने उडाला, दारांवरचा पावसाने नेला, आणि पुढच्या उजव्या बाजूला एकदा दुसऱ्याच कुठल्या हिरव्याचा हात मारला गेला. तरी घरात मला सगळे अजून ‘इजो’ म्हणतात. आमच्या जावा बेटावरच्या बोलीत इजो म्हणजे हिरवी. मी सात माणसांची गाडी आहे. वय अठ्ठावीस. गाड्यांमध्ये हे वय म्हणजे पणजीचे.

माझा जन्म जकार्ताच्या पलीकडच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्या पोटात इंजिन बसवले त्या दिवशी एका कामगाराने त्यावर पांढऱ्या खडूने बरोबरची खूण केली. तेवढेच माझे बारसे. पहिली नऊ वर्षे मी तेमांगुंगच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्याकडे होते. अजूनही हवा दमट झाली की माझ्या मागच्या आसनांना तंबाखूचा वास येतो. त्यानंतर मला सेमारांग शहरात पाक तोमोंनी घेतले. मोठ्या पुरुषमाणसाला पाक आणि बाईमाणसाला बू म्हणायची आमच्याकडे रीत आहे.

पाक तोमोंनी एकतीस वर्षे सेमारांग ते सुराबाया बस चालवली होती. निवृत्त झाले आणि मला बघायला आले. तीन वेळा माझ्याभोवती फिरले. मग बॉनेट उघडून, कान लावून माझे इंजिन ऐकले आणि म्हणाले, “नीट बोलते.” मला आजवर मिळालेल्या कौतुकात याच्याइतके मोलाचे दुसरे काही नाही.

त्यांच्या पत्नी बू मुजियाती. सगळे त्यांना बू मुजी म्हणत. त्या नागासारी करून बाजारात विकत. केळीच्या पानात तांदळाचे पीठ आणि केळ्याची फोड बांधून उकडायची, ती नागासारी. सकाळी सकाळी गरम टोपल्या माझ्या मागच्या आसनांवर चढत आणि काचांवर वाफ धरे. ईदच्या सुट्टीत आम्ही ब्लोराला बू मुजींच्या माहेरी जात असू. आसने सात आणि माणसे अकरा. एकदा बाराव्या जागेवर एक कोंबडाही होता. त्याने वाटभर पाक तोमोंच्या मानेत चोच मारली. तरी त्यांनी गाडी कुठे हेलकावू दिली नाही. मला ओरखडा पडला तर ते दोन दिवस जेवणात मीठ आहे की नाही हेही सांगू शकत नसत.

एवढा गुणी माणूस, पण एक खोड होती. गाडीच्या बाबतीत कुणी काही शिकवलेले त्यांना खपत नसे, आणि कुणाकडे काही मागणे तर त्यांना ठाऊकच नव्हते. आमच्या रस्त्याच्या टोकाला तिगोरचे गॅरेज आहे. तिगोर सुमात्रा बेटावरचा, मनातले सगळे मोठ्याने बोलून टाकणाऱ्या बाताक लोकांपैकी. त्याने कुजबुज केली तरी ती गल्लीभर ऐकू जाते. एकदा माझे तेल बदलताना तो म्हणाला, “पाक, हिचं हवा घ्यायचं नाक फार खाली आहे. आपल्या कालिगावे भागात दर पावसाळ्यात पाणी तुंबतं. एक नळी लावून नाक वर घेऊन टाकू का?”

“तिगोर,” पाक तोमो म्हणाले, “इंजिनात पाणी आपण होऊन जात नाही. स्टिअरिंगवर गाढव बसलं की जातं.”

गॅरेजमध्ये बसलेले सगळे हसले. तिगोरही हसला. माझे नाक जिथे होते तिथेच राहिले.

पुढे मुले मोठी झाली. मुलगी बाताम बेटावर नोकरीला गेली, मुलगा बालिकपापानला. टोपल्या कमी झाल्या, मग बंद झाल्या. दोघांच्या फिरण्याला मोटारसायकल पुरे. माझ्यावर ताडपत्री आली. माझी बॅटरी उतरली, टायर बसले, आणि एका कोंबडीने माझ्या मागच्या चाकाआड अंडी उबवली. मित्रांनो, खोटे सांगत नाही, त्या पिलांची मला सोबत वाटे. दोन वर्षे मी ताडपत्रीच्या आतला निळा उजेड तेवढा पाहिला.

मग बू मुजींची मूत्रपिंडे थकली. दर मंगळवारी आणि शुक्रवारी इस्पितळात जाऊन, मशीनला जोडून, रक्त धुऊन घ्यायचे असे ठरले. येताना मोटारसायकलवर त्यांना घेरी येई. एकदा त्या पडता पडता वाचल्या. दुसऱ्या दिवशी पाक तोमोंनी माझ्यावरची ताडपत्री ओढून काढली. त्यांनी मला धुतले, नवी बॅटरी घातली, आणि बू मुजींच्या आसनावर त्यांची जुनी मऊ उशी ठेवली.

तेव्हापासून मी पुन्हा कामाची झाले. आठवड्यातून दोन दिवस आम्ही तिघे एकत्र असायचो. बू मुजींना पाणी अगदी मोजके प्यायला परवानगी होती. दिवसभराची एक छोटी बाटली त्या मांडीवर धरून बसायच्या आणि रस्त्यावरचे शहाळेवाले बघून उसासे टाकायच्या.

“तिकडे बघू नकोस,” पाक तोमो म्हणायचे.

“बघायला पण डॉक्टरांनी बंदी केली का? डोळ्यांनी पिते मी. ते मशीनला कळत नाही.”

असे आमचे चालले होते.

त्या जानेवारीत बुधवारी पाऊस लागला तो उघडेचना. शुक्रवारी सकाळी अंगणात घोट्याएवढे पाणी होते. बू मुजी दारातच थांबल्या.

“आज राहू द्या. उद्या जाऊ.”

“मंगळवारी वीज गेली म्हणून तुला अर्ध्यातूनच उठवलं. आज चुकवून कसं चालेल? पाय बघ स्वतःचे. चपलेत मावत नाहीत.”

“चपला आखूड झाल्या असतील पावसाने.”

“चपला आखूड होत नाहीत, मुजी. बस.”

त्या बसल्या. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. जिना चढून आल्यासारखा लागला होता, आणि आमच्या घराला तर जिनाच नाही.

मोठ्या रस्त्यावर जिथे सखल भाग आहे तिथे पाणी पसरले होते. पाक तोमो काठावर थांबले. एक मोटारसायकल पलीकडे जाताना त्यांनी पाहिली. पाणी तिच्या अर्ध्या चाकापर्यंत आले. त्यांनी मनाशी अंदाज बांधला, पहिला गिअर टाकला आणि पाय अ‍ॅक्सिलरेटरवर एकसारखा ठेवला. पाण्यात असेच चालवायचे असते. घाई करायची नाही आणि मध्ये पाय उचलायचा नाही. अर्धी वाट आम्ही छान गेलो. बू मुजींनी दाराची कडी घट्ट धरली होती.

तेवढ्यात समोरून एक कंटेनरचा ट्रक आला. त्याला कसली घाई होती कोण जाणे. त्याने उठवलेली लाट माझ्या बॉनेटवरून काचेवर आदळली. त्याच क्षणी माझे पुढचे चाक पाण्याखालच्या एका खड्ड्यात गेले. माझे नाक बुडाले, आणि मी पाणी प्यायले.

मित्रांनो, इंजिन हवा पिऊन जगते. पिस्टन वर येतो, हवा दाबतो, आणि त्यातूनच माझी ताकद येते. हवा दाबली की दबते. पाणी दबत नाही, ते दगडासारखे आडवे येते. माझे चार पिस्टन धावता धावता त्या दगडावर आपटले आणि मी जागच्या जागी बंद पडले. आत फक्त पावसाचा आवाज राहिला.

पाक तोमोंनी गिअर काढला आणि बू मुजींकडे वळले.

“मी माणसं बघून येतो, ढकलून बाहेर काढू. तू एक कर. चावीला हात लावू नकोस. काहीही झालं तरी नाही. आता ही फिरली तर आतून मोडेल.”

“मी कशाला हात लावतेय? मला येतं का काही?”

ते पँट वर करून उतरले. पाणी गुडघ्यापर्यंत होते. दार उघडताच ते आतही शिरले आणि बू मुजींनी पाय उशीवर घेतले.

रस्त्याच्या कडेला एका बंद दुकानाच्या उंच ओट्यावर सहा-सात माणसे पाऊस बघत उभी होती. माझ्या पुढच्या काचेतून मला सगळे दिसत होते, आणि बू मुजींनाही. पाक तोमो ओट्याशी गेले. ज्या माणसाने शेजाऱ्याकडे कधी पाना मागितला नाही, तो तिथे कमरेत वाकला, उजवा हात पुढे केला आणि काहीतरी म्हणाला. आमच्याकडे मोठ्यांपुढून जाताना लहानांनी असे वाकायचे असते. त्या ओट्यावर त्यांच्याहून मोठे कुणीच नव्हते. एक जण ओरडून म्हणाला ते मात्र आमच्यापर्यंत आले.

“पाक, गाडी आणलीत की पाणबुडी?”

सगळे हसले. पाक तोमोही हसले. ते हसू मी पूर्वी कधी पाहिले नव्हते. एखाद्याने दुसऱ्याचा सदरा घालावा तसे ते त्यांच्या तोंडावर बसले होते. ते पुन्हा वाकले. मग पुढे पाऊल टाकताना त्यांचा पाय घसरला आणि ते छातीपर्यंत पाण्यात गेले. त्यांची टोपी तरंगत निघाली.

बू मुजींच्या तोंडून नुसता “अगं बाई!” एवढा शब्द निघाला. मग त्यांनी गिअरच्या दांड्यावरून एक सुजलेला पाय टाकला, दुसरा ओढून घेतला आणि त्या स्टिअरिंगमागे येऊन बसल्या. सतरा वर्षे शेजारी बसून त्यांनी जे पाहिले होते तेच त्यांनी केले. माझ्या स्टिअरिंगवर हात ठेवून त्या हळूच म्हणाल्या, “इजो, एकदाच. तेवढं कर गं बाई.”

पहिल्यांदा चावी फिरली आणि मी नुसते ‘कट्’ म्हटले. दुसऱ्यांदा घुरघुरले. तिसऱ्यांदा मलाही वाटले, जमेल. इतक्या मायेने कुणी काही मागितले की गाडीलाही नाही म्हणणे जड जाते. मी सुरू झाले. तीन श्वास, फार तर चार. मग माझ्या पोटात ‘ठक्क’ असा आवाज आला. अठ्ठावीस वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता, पण त्याचा अर्थ मला लगेच कळला.

बू मुजींनाही कळला असावा. आल्या तशाच दांड्यावरून परत आपल्या जागी गेल्या आणि बाटली मांडीवर घेऊन बसल्या.

पाक तोमो चार माणसे घेऊन आले. त्यांनी दार उघडले. समोरचा लाल दिवा जळत होता. चावी अर्धी फिरलेली होती. आणि ब्रेकच्या खाली, आत आलेल्या पाण्यात, बू मुजींची एक चप्पल अडकली होती. पाक तोमोंनी ती उचलली.

“पाण्याने वाहत तिकडे गेली वाटतं,” बू मुजी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या.

“हो. पाण्यानेच.”

त्यांनी वळसा घालून दुसऱ्या बाजूला जाऊन ती चप्पल बू मुजींच्या पायात घातली. पाय सुजलेला होता, वेळ लागला. मग चावी काढून खिशात टाकली आणि माणसांना म्हणाले, “चला, लावा हात.”

मला ढकलून उंचवट्यावर आणले. पण इस्पितळ अजून दूर होते आणि पुढेही पाणी होते. त्या चौघांत गुफ्रॉन नावाचा एक जाडजूड माणूस होता. तो मासळी बाजारात बर्फाच्या लाद्या पोचवतो. त्याची तीनचाकी मोटार चांगली उंच असते. त्याने लाद्या ओट्यावर उतरवल्या, दुकानातली प्लास्टिकची खुर्ची आणली आणि ती गाडीत दोरीने बांधली. बू मुजींना दोघांनी उचलून तिच्यावर बसवले. वर ताडपत्री धरली.

“बू, नवरीला बसवतात तसं बसवलंय. जरा हसा की!” गुफ्रॉन म्हणाला.

“आधी नवरदेव बघा,” बू मुजी धापा टाकत म्हणाल्या. “चिखलात लोळून आलाय.”

पाक तोमो मागे उभे राहून खुर्ची धरून होते. ती बर्फाची गाडी पाण्यातून निघून गेली. दोघांपैकी कुणीही मागे वळून माझ्याकडे पाहिले नाही, आणि ते बरोबरच होते. त्यांना अडीच तास उशीर झाला, पण परिचारिकेने मशीन राखून ठेवले होते, हे मी नंतर ऐकले. आणखी उशीर झाला असता तर अंगात साठलेले पाणी फुप्फुसात गेले असते, हेही नंतरच ऐकले.

दुपारी तिगोर आपला पिकअप आणि दोर घेऊन आला. बॉनेट उघडून त्याने आत पाहिले. “काय गं म्हातारे, प्यायलीस ना शेवटी?” असे म्हणून त्याने मला ओढत नेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाक तोमो गॅरेजमध्ये आले तेव्हा तिगोरने माझे चारही प्लग काढले होते. तेल बाहेर आले ते दूध घातलेल्या चहासारखे. त्याने इंजिनाचे तोंड उघडून तिसऱ्या पिस्टनकडे बोट दाखवले. त्या पिस्टनला धरून ठेवणारा लोखंडी दांडा वाकला होता. बाकावर तीन-चार गिऱ्हाईके बसली होती. तीच माणसे, जी पूर्वी गाढवाच्या गोष्टीला हसली होती.

“पाक,” तिगोर म्हणाला, “पाण्याने गाडी बंद पडते, पण दांडा असा वाकत नाही. खरं सांगा. बंद पडल्यावर कुणी चावी फिरवली का?”

मित्रांनो, मला वाटले, आता ते सांगतील. त्यांनी बाकाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“फिरवली. मीच फिरवली. तीनदा.”

तिगोरच्या हातातला पाना थांबला. बाकावरून एक जण म्हणाला, “एकतीस वर्षं बस चालवलीत ना, पाक?”

“चालवली,” पाक तोमो म्हणाले. “तरी शेवटी गाढवच निघालो.”

या खेपेला फारसे कुणी हसले नाही.

सोमवारी बू मुजी एकट्याच आल्या. सायकलरिक्षातून उतरल्या, केळीच्या पानातली गरम नागासारी तिगोरपुढे ठेवली आणि माझ्या चाकाजवळच्या स्टुलावर बसल्या. आधी माझ्याकडे बघून म्हणाल्या, “मी घोटभर पाण्याला तरसतेय आणि ही बया रस्त्यावरचं गटार प्यायली!” तिगोर मोठ्याने हसला. मग त्यांचा आवाज उतरला.

“तिगोर, तुला एक सांगायचंय. ती चावी मी फिरवली. त्यांनी बजावून सांगितलं होतं, तरी फिरवली. त्यांना माहीत नाही. त्यांना वाटतं पाण्यानेच मोडलं. तू सांगू नकोस. जन्मभर ज्याने गाडीला खरचटू दिलं नाही, त्याची गाडी त्याच्याच बायकोने मोडली हे त्यांना सहन व्हायचं नाही.”

तिगोरने हात पुसले. एक नागासारी सोलून सगळी एकदम तोंडात घातली. मला वाटते, काही बोलून जाऊ नये म्हणूनच. त्या गेल्यावर तो तेलकट बाहीने डोळे पुसत मला म्हणाला, “तुझ्या घरातली दोन्ही माणसं सराईत खोटारडी आहेत.”

मंगळवारी आणि शुक्रवारी तिगोरच आपल्या पिकअपमधून त्यांना इस्पितळात नेऊ लागला. दांडा मिळत नव्हता. माझ्या वयाच्या गाड्यांचे भाग आता कुणी बनवत नाही. पाक तोमो रोज यायचे, माझे सुटे भाग रॉकेलने धुऊन पुसून जुन्या लुंगीवर मांडून ठेवायचे. दोन आठवडे गेले. एके दिवशी ते बू मुजींना बरोबर घेऊन आले. चेहरा पडलेला होता.

“तिगोर, राहू दे आता. मुलाचा फोन होता. म्हणतो, भंगारात देऊन टाका, आजारी माणसाला असल्या गाडीतून कशाला नेता. त्याचंही बरोबर आहे.”

बू मुजी ताडकन म्हणाल्या, “काय बरोबर आहे? आजारी पडलं की भंगारात घालायचं असेल, तर माझा नंबर कधी ते पण सांगा!”

पाक तोमोंनी घाईने हात हलवला. “तसं नाही, मुजी. पण मोडली ती माझ्यामुळे. चावी मीच...”

“तुम्ही?”

“हो. मी सगळ्यांना सांगितलंय. मीच फिरवली.”

तिगोरने हातातला पाना फरशीवर टाकला. “बास झालं! एका चावीचे दोन चोर, आणि दोघंही माझ्याकडे येऊन कबुली देतात! दोन आठवडे हे पोटात ठेवलंय मी. मी बाताक आहे, पाक, माझं पोट एवढं मोठं नाही!”

रस्त्यावरून एक शहाळेवाला गेला, पण बू मुजींनी तिकडे पाहिले नाही.

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“चप्पल ब्रेकखाली होती, मुजी. पाणी माझ्या दाराने आत आलं होतं. वाहती तर तुझ्या दाराकडे वाहती.”

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलायचं? पाण्यात मी नेलं. तिगोर नाक वर घे म्हणाला होता, ते मी ऐकलं नाही. तुझी चूक त्यातली कितीशी? पण तू का फिरवलीस?”

बू मुजींनी पदर सावरावा तशी डोक्यावरची ओढणी सावरली. “तुम्ही त्या लोकांपुढे वाकलात. ते हसले, आणि तुम्हीही हसलात. मला ते हसू बघवेना. वाटलं, ही सुरू झाली तर हाक मारून तुम्हाला परत बोलावता येईल.”

पाक तोमोंनी लुंगीवरचा माझा एक भाग उचलून पुसला.

“वाकायला जड गेलं, खोटं कशाला बोलू?” ते म्हणाले. “पण अगं, मी मागितलं आणि चार माणसं पाण्यात उतरली. मला वाटलं होतं, एकही येणार नाही.”

मग त्यांनी बाह्या वर केल्या आणि तिगोरला विचारले, “दांडा कुठे कुठे बघितलास?”

दांडा शेवटी कुदुस गावात मिळाला, माझ्याच वयाच्या, झाडाखाली संपलेल्या एका बहिणीच्या पोटातला. तिचे नाव मला माहीत नाही, पण तिची आठवण मी रोज काढते, कारण ती माझ्या आत चालते आहे. तिगोरने माझे तेल तीनदा बदलले आणि माझे नाक नळी लावून वर घेतले. ती नळी पाक तोमोंनी स्वतः धरून ठेवली होती. मी सुरू झाले तेव्हा आधी पांढरा धूर टाकला, मग खोकले, मग नीट बोलू लागले.

फेब्रुवारीच्या शेवटी एका सोमवारी पुन्हा आभाळ फाटले. दुसऱ्या दिवशी मंगळवार. मला वाटले, आता आपली परीक्षा. नाक वर आहे, दांडा बदललेला आहे. मी तयार होते. पण दुपारीच पाक तोमोंनी मला मशिदीच्या उंच अंगणात नेऊन उभे केले आणि छत्री घेऊन निघाले. ते दारोदार जात होते. प्रत्येक दारात वाकून, हात पुढे करून विचारत होते, उद्या सकाळी बायकोला न्यायचे आहे, कुणाला जमेल? मी अंगणातून पाहत होते. ते एका दारातून निघत आणि दुसऱ्या दारात जात, आणि त्यांच्या तोंडावर उसने हसू नव्हते.

मंगळवारी सकाळी गुफ्रॉन आला. या वेळी खुर्चीला त्याने स्वतःच उशी बांधून आणली होती. पाण्यापलीकडे तिगोर पिकअप घेऊन थांबला होता. त्याचा आवाज मला तिथपर्यंत ऐकू येत होता. गल्लीतल्या दोन बायका बू मुजींच्या दोन्ही बाजूंनी चालत गेल्या. मी मात्र अंगणात, तुंबलेल्या पाण्यापासून दूर उभी होते.

मित्रांनो, एक काळ असा होता की मला घरी ठेवले की वाईट वाटे. ताडपत्रीखालची दोन वर्षे मी विसरलेले नाही. पण त्या सकाळी मला प्रथमच कळले की, विसरून ठेवणे वेगळे आणि जपून ठेवणे वेगळे. म्हणून तुम्हाला सांगते. खोल पाणी दिसले तर तुमच्या गाडीला त्यात घालू नका. आणि चुकून गेलीच, आत बंद पडली, तर चावीला हात लावू नका. गाडी प्रेमापोटी सुरू होईल आणि आतून मोडेल. त्यापेक्षा उतरा आणि हाक मारा. लोक आधी हसतील, हसू द्या. त्यांच्यातलेच चार जण पाण्यात उतरतात, हे मी माझ्या काचेतून पाहिले आहे.

दुपारी पाऊस उघडला. दोघे परत आले ते सरळ माझ्याकडेच. बू मुजी थकल्या होत्या, पण श्वास लागलेला नव्हता. पाक तोमोंनी माझ्या बॉनेटवर तळहात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

“काय झालं?” बू मुजींनी विचारले.

“काही नाही. गार आहे.”

“मग?”

“मग काय? आज पाण्यात गेली नाही. गार आहे, बरं आहे,” ते म्हणाले, आणि दुसऱ्या हाताने त्यांनी बू मुजींसाठी माझे दार उघडले, बसून जरा दम घ्यायला.